मराठी नोट्स ऐकून वाचता येतील अशा कशा कराव्यात

कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली कुठलीही एक पीडीएफ उघडा. तिच्यातली एक मराठी ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळ जशीच्या तशी उमटली तर निम्मं काम झालेलं आहे. ओळ सिलेक्टच होत नसेल तर ती फाइल म्हणजे पानांचे नुसते फोटो. भलतीच इंग्रजी अक्षरं उमटली तर मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे. अशी फाइल देवगड-राजापूरकडून एसटीने येणाऱ्या आणि मोबाइलवर टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) लावून अभ्यास करणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थिनीच्या काहीच कामाची नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांमध्ये किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. या विद्यार्थ्यांसाठी इमारतीला रॅम्प करायचा तर प्रस्ताव, मंजुरी, निविदा सगळं आलं. नोट्सना यातलं काही लागत नाही, त्या प्राध्यापकाच्या लॅपटॉपमध्येच असतात.

आधी फॉन्ट

या विषयावरची इंग्रजी मार्गदर्शनं शीर्षकांपासून सुरुवात करतात. मराठीत त्याआधी फॉन्टचा गुंता सोडवावा लागतो. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पडद्यावर मराठी दिसतं, पण कृतिदेवमधला ‘भारत’ संगणकाच्या लेखी एच, के, के, जे, आर एवढाच असतो. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, तेच वाचतो. नव्या नोट्स युनिकोडमध्येच (ज्यात संगणक मराठी अक्षर मराठी म्हणूनच ओळखतो) टाइप करा, इन्स्क्रिप्ट कीबोर्डने किंवा मोबाइलवर जीबोर्डने. जुन्यांसाठी फॉन्ट कन्व्हर्टर मिळतात, मात्र रूपांतरानंतर रफार आणि पहिली वेलांटी यांच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघा. सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतात.

स्कॅन केलेली पानं

पुस्तकाच्या पानांचे फोटो असतील तर ती फाइल गूगल ड्राइव्हवर चढवा आणि राइट क्लिक करून गूगल डॉक्समध्ये उघडा. चित्रातला मराठी मजकूर टाइप होऊन समोर येतो. फोटो सरळ आणि उजेडात काढलेला हवा. मग एकदा वाचून काढा, कारण ‘ख’चा ‘रव’ आणि ‘घ’चा ‘ध’ होतोच. कॉपीराइटची धास्ती असेल तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात दिव्यांग व्यक्तींसाठी सुलभ प्रत तयार करायला सूट आहे. त्या प्रतीतून नफा मात्र कमवायचा नाही.

शीर्षकं

अक्षर मोठं आणि ठळक केलं की डोळ्यांना शीर्षक दिसतं, स्क्रीन रीडरला नाही. वर्डमध्ये होम टॅबवरच्या स्टाइल्समधून हेडिंग १, हेडिंग २ निवडा. कंट्रोल-ऑल्ट-१ दाबलं तरी चालतं. चाळीस पानांच्या नोट्समध्ये हव्या त्या मुद्द्यावर थेट उडी मारता येते ती यामुळेच. नाहीतर ऐकणाऱ्या बिचाऱ्याला पहिल्या ओळीपासून ऐकत बसावं लागतं. मजकूर निवडून रिव्ह्यू टॅबमधून भाषाही ‘मराठी’ करून ठेवा.

चित्रांचं वर्णन

खरी मेहनत इथे आहे, आणि ती विषय शिकवणाऱ्यानेच करायला हवी. चित्रावर राइट क्लिक करून ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे स्क्रीन रीडरने वाचायचं चित्राचं वर्णन, लिहायचा. ‘आंब्याचा फोटो’ असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. फळशास्त्राच्या वर्गात हापूसमधला साका शिकवत असाल तर असं लिहा: ‘हापूसचा उभा छेद. कोयीजवळचा गर फिकट, पांढरट आणि स्पंजासारखा. सालीकडचा गर केशरी, चांगला. सालीवर कुठेही डाग नाही.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण साका बाहेरून ओळखू येत नाही हाच तर धडा आहे. तोच फोटो निर्यातीच्या धड्यात असेल तर गराच्या रंगापेक्षा ‘कापल्यावरच दोष कळलेलं फळ’ एवढं सांगणं पुरेसं.

भूगोलातल्या छेदाला दिशा द्या: पश्चिमेला समुद्र, मग जांभ्याचा सडा, पुढे सह्याद्रीचा उभा कडा, कड्यापलीकडे पूर्वेला हळूहळू उतरत जाणारं पठार. आकृती फारच गुंतागुंतीची असेल तर ऑल्ट टेक्स्टमध्ये थोडक्यात आटपा आणि सविस्तर वर्णन खालच्या परिच्छेदात द्या. त्याचा डोळस मुलांनाही उपयोग होतो. शोभेची फुलं-वेलबुट्टी ‘डेकोरेटिव्ह’ म्हणून खूण करून सोडून द्या. खरं तर काढूनच टाका.

तक्ते साधे ठेवा, घरं एकमेकांत मिसळू नका आणि पहिली ओळ हेडर रो म्हणून नेमून द्या. आलेखात लाल रेघ खरीप आणि हिरवी रेघ रब्बी असं निव्वळ रंगावर सोडू नका. लाल-हिरवा फरक न कळणारी मुलं प्रत्येक वर्गात असू शकतात. रेघेवरच नाव लिहा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या उठावाचं (कॉन्ट्रास्टचं) प्रमाण किमान ४.५ : १ असावं असा आंतरराष्ट्रीय निकष आहे, पांढऱ्यावर पिवळं तिथे सपशेल नापास होतं.

पीडीएफ करताना

‘प्रिंट टू पीडीएफ’ वापरू नका, त्यात शीर्षकं आणि वर्णनं दोन्ही गळून पडतात. ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडा आणि ऑप्शन्समध्ये डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्जवर टिक आहे ना ते बघा. तरीही देवनागरी पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटण्याचा धोका उरतोच, म्हणून माझा आग्रह असा की सोबत वर्ड फाइलही द्यावी. स्कॅनपेक्षा ती कितीतरी हलकी असते. पावसाळ्यात वीज गेली, टॉवर बंद पडला आणि जेमतेम एक कांडी रेंज आली, तरी ती उतरते.

कान लावून तपासा

वर्डमधली ॲक्सेसिबिलिटी तपासणी जरूर करा, पण ती ऑल्ट टेक्स्ट आहे की नाही एवढंच सांगते, बरोबर आहे का ते नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विंडोजवर फुकट मिळतो. तो लावा, पडदा बंद करा आणि आपलीच दोन पानं ऐका. मोबाइलवर टॉकबॅक लावलात तर एक लक्षात ठेवा: एका टॅपने तो नुसतं वाचून दाखवतो, उघडायला दोनदा टॅप करावं लागतं. नाहीतर फोन बिघडला असं वाटून घाबरगुंडी उडते.

कर्णबधिर मुलांची अडचण वेगळी. ‘उद्याचं प्रॅक्टिकल रद्द’ असा व्हॉइस मेसेज त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, तेव्हा व्हॉइस टायपिंगने तीच ओळ लिहून टाका. व्हिडिओला आपोआप येणारी कॅप्शन्स एकदा तपासून दुरुस्त करा, विशेषतः पारिभाषिक शब्द.

ग्रुपवर टाकण्याआधी फाइलचं नाव बदला. ‘स्कॅन ००१७’ नको, ‘भूगोल, घटक ३, किनारी भूरूपे’ असं द्या, म्हणजे डाउनलोड्सच्या लांबलचक यादीत ती कानांनी शोधता येते.