वरची कवळी सुटत होती, ती अशी बसवली

आजींची तक्रार होती, "डॉक्टर, जांभई दिली की वरची कवळी खाली येते." समोरचे दात बोटाने बाहेरच्या दिशेने दाबून पाहिले, तर मागची कड लगेच सुटली. म्हणजे हिरड्यांवर कवळी ठीक बसत होती, हवा मागून शिरत होती. ॲक्रिलिक (कवळीचं प्लास्टिक) शिजताना आकसतं आणि टाळूच्या मध्यावर, मागच्या कडेला बारीक फट राहते. तिथली सील, म्हणजे हवा आत शिरू न देणारी घट्ट कड, नसेल तर पुढची बसणी कितीही चांगली असो, कवळी टिकत नाही.

आजींना "आ" म्हणायला लावलं. मऊ टाळू जिथे हलायला लागतो तिथे पेन्सिलने रेघ आखली आणि दोन्ही बाजूंना हिरडीच्या शेवटच्या उंचवट्यामागच्या खाचेपर्यंत नेली. त्या रेघेपर्यंत कवळीवर ग्रीन स्टिक कंपाउंड (उष्णतेने मऊ होणारा, थंड झाल्यावर कडक होणारा पदार्थ) मऊ करून लावलं, तोंडात बसवलं, मान थोडी पुढे झुकवायला सांगितली. टाळूला नीट टेकलेल्या कंपाउंडची चकाकी जाते. ती जाईपर्यंत मी थोडं थोडं वाढवत राहिलो. मग ओढून पाहिली, हलेना! नंतर लॅबमधून कंपाउंडच्या जागी ॲक्रिलिक भरून घेतलं. मध्यरेषेवर मात्र सील अरुंद आणि उथळ ठेवली, कारण तिथे हाडावर मांस फार पातळ असतं, जास्त दाब पडला तर जखम होते.