ओव्हरहॉलनंतर अॅम्बेसेडर मिसिंग मारतेय? असा शोधा दोष

मिसिंग म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही आणि इंजिन अडखळतं. हे १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनासाठी. कार्ब्युरेटर उघडायची घाई करू नका. इंजिन नुकतंच बांधलेलं असेल तर दोष बहुतेक वेळा जोडणीत असतो.

इंजिन गरम करून आयडलला ठेवा. इन्सुलेटेड पक्कडीने एकेका प्लगची वायर काढून लगेच बॉडीला अर्थ करा. ज्या वायरने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला, म्हणजे पेटतच नाही.

२ आणि ३ दोन्ही मेलेले आणि कार्ब्युरेटरमधून फटाके? मग वायरी उलट्या लावल्यात. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२ आहे, पण डेल्कोचा (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा) रोटर घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो. कॅपवर घड्याळाच्या दिशेने मोजलं की नेमक्या याच दोन वायरींची अदलाबदल होते.

एकच मेलेला असेल तर त्याचा प्लग शेजारच्याशी बदला. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. नाही सरकला तर गेज लावून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा: चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, सेल्फने पाच-सहा फेरे. आकडा कमी आला तर चमचाभर इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून आत टाकून पुन्हा मोजा. वाढला तर रिंग, आणि नव्या रिंगा बसायला वेळ घेतात, थांबा. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन्ही कमी असतील तर त्यांच्यामध्ये हेड गॅस्केट फुटलंय.

हेडचे नट पुन्हा कसल्यावर टॅपेटची गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) घटते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. म्हणून कसल्यानंतर ०.०१५ इंचाचा फीलर (फट मोजायची पट्टी) लावून बघाच. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिल्याची गॅप बघा, सातवा उघडा असताना दुसऱ्याची. बेरीज कायम नऊ.