पीएसडी-९५ वर काम सुरू करताना

एन्झाइमवर हात बसलेल्यांना स्कॅफोल्ड प्रोटीन (इतर प्रोटीनना एकत्र धरून ठेवणारा सांगाडा) सुरुवातीला जड जातं, कारण मोजायला ॲक्टिव्हिटीच नसते. कोण कोणाला धरतं, पेशीत कुठे धरतं आणि प्रमाण किती, एवढंच हाती असतं. चेतापेशींच्या सिनॅप्समधलं (दोन पेशी जोडल्या जातात त्या जागेचं) पीएसडी-९५ शिकायला बरं, कारण त्याचे भाग सुटे करून तपासता येतात.

साखळी ७२४ अमिनो आम्लांची. एन-टोकाकडून, म्हणजे साखळीच्या सुरुवातीकडून, तीन पीडीझेड, मग एसएच३, शेवटी जीके, असे हे सुटे घडीचे भाग (डोमेन). जीकेची घडण ग्वानिलेट काइनेजची असली तरी ते काम तो करत नाही. जीकॅपसारखे फॉस्फेट लागलेले जोडीदार धरतो. पीडीझेडच्या खोबणीत समोरच्या प्रोटीनचं अगदी शेवटचं टोक बसतं. एनएमडीए रिसेप्टरच्या ग्लूएन२बी या उपघटकाचं टोक आहे ग्लुटामेट-सेरीन-ॲस्पार्टेट-व्हॅलीन. व्हॅलीनची बाजूची साखळी पाण्यापासून लपलेल्या खळग्यात शिरते आणि तिचा मोकळा कार्बोक्झिल गट खोबणीच्या तोंडाशी हायड्रोजन बंधांनी धरला जातो. पीडीझेड३ ची स्फटिकरचना १९९६ मध्ये आली, तेव्हापासून ही पकड अणूंच्या पातळीवर दिसते.

हे डोक्यात पक्कं असेल तर दोन महागड्या चुका टळतात. बंधन तपासायला पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) मागवताना सी-टोकाला, म्हणजे साखळीच्या शेवटाला, अमाइड नको, मोकळं आम्लच हवं, हे ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा. आणि जोडीदार प्रोटीनच्या सी-टोकाला जीएफपी (चमकणाऱ्या प्रोटीनचा टॅग, म्हणजे ओळखीची खूण) लावू नका. टोक झाकलं की बंधन गेलंच. पीएसडी-९५ चं नेमकं उलट. त्याच्या ३ आणि ५ क्रमांकाच्या सिस्टीनवर पामिटेट (पेशीपटलाला धरून ठेवणारं मेदाम्ल) चढतं आणि ही जागा एन-टोकालाच आहे, म्हणून टॅग सी-टोकालाच. एन-टोकाला लावलात तर सिनॅप्सवर ठिपके दिसण्याऐवजी चमक पेशीभर पसरते. दोन्ही सिस्टीनच्या जागी सेरीन घातलेला म्युटंट इथे हक्काचा कंट्रोल.

मेंदूच्या ऊतीतून को-आयपी (अँटिबॉडीने एक प्रोटीन ओढून त्याचे जोडीदारही सोबत काढणं) करताना नवखे हमखास अडकतात. १ टक्का ट्रायटन या डिटर्जंटमध्ये बहुतेक पीएसडी-९५ विरघळतच नाही, गाळाबरोबर खाली जातं, आणि मग दोष अँटिबॉडीला! १ टक्का सोडियम डिऑक्सिकोलेट, पीएच ९ चा बफर वापरा. पीएच ७ च्या आसपास आला की डिऑक्सिकोलेट जेलीसारखं गोठतं. वरचा द्रव आणि गाळ, दोन्ही जेलवर चालवा. हिशोबाने वजन सुमारे ८० किलोडाल्टन, पण बँड ९५ जवळ येतो. ते ठीकच आहे. एकेकट्या पीडीझेडची पकड साधारण मायक्रोमोलर पातळीची, तेव्हा धुणी थोडी, थंड आणि झटपट.

राहिलं प्रमाण. कुठलंही स्कॅफोल्ड पेशीत भरमसाट व्यक्त केलं की परिणाम वाढण्याऐवजी घटू शकतो, कारण एक जोडीदार एका रेणूवर आणि दुसरा भलत्याच रेणूवर अडकतो. त्यामुळे एकाच मात्रेवर निष्कर्ष काढू नका. प्लाझ्मिड (प्रोटीनचं जनुक पेशीत नेणारं डीएनएचं वर्तुळ) ०.१, ०.३ आणि १ मायक्रोग्रॅम असं वाढवत न्या; रिकामा व्हेक्टर (ते जनुक नसलेलं प्लाझ्मिड) घालून एकूण डीएनए सारखा ठेवा. आलेख चढून पुन्हा उतरला तर प्रयोग फसला असं समजण्याआधी ही शक्यता तपासा.