पावसाळ्यात जुनी गाडी कशी ठेवावी: हवा आत, उंदीर बाहेर

थंड देशांतले जुन्या गाड्यांचे शौकीन हिवाळ्यात गाडी बंद करून ठेवतात, कारण तिकडे बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पत्रा खातं. आपल्या कोकणात मीठ हवेतच असतं, आणि गाडी बंद ठेवायचा हंगाम म्हणजे पावसाळा. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास परततो. म्हणजे धरून चाला, चार महिने.

माझ्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, हँड गिअरवाली. ती चिपळूणजवळ गावच्या घरी पडवीत असते. पहिल्या वर्षी तिला प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळून सुतळीने करकचून बांधली. दसऱ्याला सोडली तर स्टिअरिंगवर पांढरी बुरशी, सीटना ओल्या गोणपाटाचा वास आणि बंपरच्या क्रोमवर गंजाचे ठिपके. दुसऱ्या वर्षी शहाणपण आलं. ताडपत्री नाही, काचा चार बोटं खाली, हवा भरपूर. बुरशी आली नाही, पण मागच्या सीटमधला काथ्या उपसून उंदरांनी एअर क्लीनरमध्ये घर केलं होतं, आणि त्यात पाच गुलाबी पिल्लं होती.

दोन वर्षांत कळलं ते एवढंच: ओल जायला जी फट लागते, त्याच फटीतून उंदीर येतो. म्हणून फट ठेवायची आणि तिला जाळी लावायची. पुढचं सगळं त्याचाच विस्तार आहे.

आधी जागा, मग गाडी

सगळ्यात आधी पाण्याचा विचार करा. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा कितीतरी गाड्या उभ्या जागी बुडाल्या. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, पाणी कुठवर चढलं होतं ते. तेवढ्या उंचीच्या वर जागा नसेल तर उरलेला लेख वाचण्यात अर्थ नाही.

मग पडवी रिकामी करा. भाताच्या गोणी, पेंढा, नारळाची सोडणं, कोंबड्यांचं खाद्य यातलं काहीही गाडीच्या आसपास नको. पावसात बिळांमध्ये पाणी शिरलं की उंदरांना कोरडी जागा हवीच असते. शेजारी धान्यही मिळालं तर ते हलणार कशाला? गाडीच्या आतही बघा. माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात खाऱ्या शेंगदाण्यांची अर्धी पुडी राहिली होती, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आपला पाहुणा कोण ते ओळखा, कारण प्रत्येकाची वाट वेगळी. घूस जमीन पोखरून येते, म्हणून सारवलेल्या जमिनीपेक्षा कोबा बरा. काळा उंदीर वर चढणारा. तो कौलांखालच्या फटीतून शिरतो आणि वाशांवरून उतरतो. आणि घरातला छोटा उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरच्या भोकातून आत येतो. चिचुंद्री दिसली तर तिला राहू द्या. ती किडे खाते, वायरींशी तिचं देणंघेणं नाही.

भिंतीतली बिळं सिमेंटात काचेचे तुकडे घालून बुजवा, ही जुनी रीत आजही चालते. खिडकीला आणि दाराच्या खालच्या फटीला पाव इंची भोकांची वेल्डमेश, म्हणजे जोडलेल्या तारांची लोखंडी जाळी ठोका. प्लॅस्टिकची मच्छरदाणीची जाळी उंदीर एका रात्रीत कुरतडतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं त्याला भागच असतं.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा

गाडी आधी चांगली १५-२० किलोमीटर फिरवून आणा आणि इंजिन गरम असतानाच ऑइल बदला. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल साठलेली असते. चार महिने ती बेअरिंगांवर बसू देऊ नये. रेडिएटरमध्ये नुसतं नळाचं पाणी असेल तर काढून कूलंट भरा. आपल्याकडे ते गोठण्याचा प्रश्नच नाही, पण त्यातलं गंजरोधक आपल्याला हवं असतं.

पेट्रोलचं जरा सविस्तर सांगतो. हल्ली पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. टाकी अर्धी ठेवलीत तर वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा खेळते, खाली पेट्रोल पाणी पितं आणि वर पत्रा गंजतो. म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरा. कार्बोरेटर मात्र कोरडा करा. इंजिनजवळच्या फ्युएल पंपाकडून कार्बोरेटरला येणारी नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने आधीच मऊ पडलेल्या असतात, त्यात उंदराने दात मारला तर टाकीभर पेट्रोल पडवीत. त्या बदलून वरून तारेची वीण असलेल्या नळ्या लावा. आणि पडवीच्या पलीकडेच चूल असेल, तर गाडी तिथे ठेवूच नका.

चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून दोन हात पुढेमागे ढकला, की ऑइल आत पसरतं. प्लग परत लावा.

टायरमध्ये नेहमीपेक्षा ५ ते ८ पीएसआय हवा जास्त भरा. गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात, तो गाडी उचलून धरणारा लोखंडी स्टँड, चार मिळाले तर उत्तमच. हँडब्रेक लावू नका, ओलीत ब्रेकशू ड्रमला चिकटून बसतात. चाकांना लाकडी ठोकळे द्या. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. ती घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. बॅटरी गाडीत नसली की दुसराही फायदा होतो: उंदराने वायर सोलली तरी ठिणगी पडत नाही.

जाळीचं काम

हे रात्री करायचं काम आहे, आणि दोघं लागतात. एकाने बॉनेट उघडून इंजिनवर टॉर्चचा झोत टाकायचा, दुसऱ्याने आत अंधारात पायांजवळ डोकं घालून बसायचं. जिथून उजेड आत दिसेल, तिथून उंदीर आत येईल. जुन्या गाड्यांत पेडल, स्टिअरिंगचा दांडा आणि वायरींचा जुडगा जिथून आत येतो, तिथली रबरं वाळून तडकलेली असतात. माझ्या गाडीत अशी सात भोकं सापडली. नवीन रबर मिळालं तर लावा, नाही तर भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी उलगडून घट्ट कोंबा. साधं लोखंडी वूल नको, दोन महिन्यांत त्याचा गंजका भुगा होऊन कार्पेटवर पडतो.

एअर क्लीनरच्या नळकांड्याच्या तोंडाला जाळीचा तुकडा क्लॅम्पने आवळा. सायलेन्सरच्या तोंडात तसाच घासणीचा बोळा बसवा. त्याला लाल चिंधी बांधा आणि दुसरी लाल चिंधी स्टिअरिंगला. दसऱ्याच्या घाईत बोळा काढायचं हमखास विसरायला होतं.

आता काचा. पद्मिनीच्या पुढच्या दारांना त्या छोट्या त्रिकोणी काचा आहेत, त्या मला फार आवडतात. त्या उघड्या ठेवा आणि फटीत मापाने कापलेली, कडा दुमडलेली जाळी बसवा. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी हवा खेळली की आत कोंदट होत नाही. कव्हर घालायचंच तर सुती. आजीच्या जुन्या नऊवारी माझ्या गाडीवर असतात. कपाटात ठेवायचे ओल शोषणारे डबे चालतात, पण त्यात साठणारं पाणी खारट असतं, पत्र्यावर सांडलं तर गंज ठरलेला. थाळीत ठेवा.

बॉनेट मात्र उघडंच राहू द्या. उंदराला अंधारी, आडोशाची, बंद जागा लागते. उघड्या बॉनेटखाली तो सहसा घरटं बांधत नाही आणि इंजिनही कोरडं राहतं. एका दगडात दोन पक्षी, फक्त दांडीचा टेकू पक्का आहे ना ते बघा.

डांबरगोळ्या, तंबाखू आणि विष

प्रत्येक मिस्त्रीकडे एक नामी उपाय असतो. तंबाखूची पानं, कापूर, कडुलिंबाचा पाला. वास उडेपर्यंत थोडा उपयोग होत असेलही, पण माझ्याकडे तंबाखूच्या पानांवरच लेंड्या सापडल्या. डांबरगोळ्यांचा वास सीटमधून वर्षभर जात नाही आणि बंद गाडीत तो श्वासात घेणं चांगलंही नाही. विषाचं तर नावच काढू नका. विष खाल्लेला उंदीर मरायला नेमका सीटखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे जातो. आणि तो घुबडाने किंवा मांजराने खाल्ला, तर फुकट उंदीर मारणारा आपला भिडू गेला.

पिंजरा किंवा चाप लावा, भिंतीला लागून, कारण उंदीर भिंतीच्या कडेने धावतो. आमिषाला सुकं खोबरं किंवा सुका बोंबील; पार्ल्याच्या बिस्किटापेक्षा बोंबील केव्हाही सरस. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले चार-पाच दिवस चाप न ताणता नुसतं खाऊ घाला. मग ताणा. पिंजरा रोज सकाळी बघायचा, आत जीव उपाशी ठेवायचा नाही. मादीला तीन आठवड्यांत पिल्लं होतात, तेव्हा एखादा सापडला म्हणून थांबू नका.

पावसाळाभर

दर रविवारी पाच मिनिटं गाडी सुरू करणारे पुष्कळ आहेत. तेवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून कुजतो. सुरू करू नका. त्याऐवजी दर रविवारी क्लच आणि ब्रेक दहा-दहा वेळा दाबा, टायर थोडे फिरवा, आणि टॉर्च घेऊन लेंड्या शोधा. एखाद्या दिवशी उघडीप पडली की चारही दारं सताड उघडा.

लेंड्या सापडल्या तर कोरड्या झाडू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने तो पाहिला. हातमोजे आणि मास्क घाला, जंतुनाशकाचं पाणी फवारून दहा मिनिटं थांबा, मग ओल्या फडक्याने पुसा.

दसऱ्याला

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी काम काढा, पूजेच्या दिवशी नाही. आधी लाल चिंध्या शोधा. सायलेन्सरचा बोळा आणि एअर क्लीनरची जाळी काढा, क्लीनर उघडून आत बघाच. वायरींवरून हात फिरवा, कुठे तांबं दिसलं तर बॅटरी जोडू नका. पेट्रोलची नळी लावा, प्लग काढून स्टार्टरने इंजिन दहा सेकंद फिरवा, मग प्लग लावून चोक ओढा. सुरुवातीला निळसर धूर येईल, तो मे महिन्यातल्या चमचाभर ऑइलचा.

झेंडूचा हार घाला, चाकाखाली लिंबू ठेवा. पण फाटकाबाहेर जाण्याआधी खळ्यातच दोन फेऱ्या मारा आणि ब्रेक तीनदा जोरात दाबून बघा. गेल्या वर्षी माझा मागचा डावा ब्रेक अडकून बसला होता, आणि ते लिंबू चिरडल्यावर कळलं.