बॅडमिंटन खेळताय? आधी पाय सांभाळा

दिवसभर खुर्चीत, मग लोकलमध्ये तासभर उभं आणि रात्री साडेआठचा स्लॉट. कोर्टाचं भाडं तासावर, म्हणून बॅग टेकवली की थेट स्मॅश! आखडलेल्या पोटऱ्यांवर एकदम जोर पडतो तो इथेच. दहा मिनिटं आधी पोहोचा. वॉर्म-अप हॉलबाहेरच्या पॅसेजमध्येही होतो. तीन मिनिटं दोरीउड्या, मग पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवणं, दोन्ही पायांवर आठ-आठ लंज (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं), बाजूला सरकत चार फेऱ्या. कोर्टावर पहिली पाच मिनिटं फक्त हलके क्लिअर (शटल उंच, मागच्या रेषेकडे) आणि ड्रॉप (नेटपलीकडे अलगद). स्नायू ताणून धरायचे व्यायाम खेळ संपल्यावर.

धावायचे बूट घालून खेळू नका. त्यांची टाच जाड आणि उंच असते. आडवं झेपावलं की बूट कलंडतो, पाऊल आत वळतं आणि घोटा मुरगळतो. सपाट, गम रबराच्या तळाचे, कोर्टावर डाग न पाडणारे नॉन-मार्किंग बूट घ्या आणि ते हॉलमध्येच चढवा, कारण तळाला धूळ किंवा पावसाची ओल लागली की पकड गेली. मुंबईच्या दमट हवेत मॅटवर घामही टपकतो. तो पुसल्याशिवाय पुढची सर्व्हिस नको, समोरचे कितीही घाई करोत. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर खेळत असाल तर उडी मारून स्मॅश विसरा.

कोपराचं दुखणं बहुतेकदा मुठीतून येतं. रॅकेट सैल धरा, मूठ फटक्याच्या क्षणीच आवळा. पकडल्यावर बोटांची टोकं आणि तळहात यांत करंगळीएवढी फट राहावी. स्ट्रिंगचा ताण 20 ते 22 पौंड पुरे. 27 पौंडांचा हट्ट हौशी हाताला फक्त धक्के देतो. कप उचलताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येत असेल, तर हात टेबलावर ठेवून तळहात खाली करा आणि मनगट कडेबाहेर येऊ द्या. हातात एक लिटरची भरलेली बाटली घ्या. दुसऱ्या हाताने मनगट वर उचला आणि चार सेकंदांत सावकाश खाली सोडा. 15 वेळा, तीन सेट. फरक पडायला आठवडे लागतात, दिवस नाही.

डबल्समध्ये नेटजवळ असाल तर जोडीदाराचा फटका बघायला मागे वळू नका. शटलचं बूच डोळ्याच्या खोबणीत नेमकं बसतं. पॉलिकार्बोनेटचा स्पोर्ट्स चष्मा मिळतो; साध्या काचेचा चष्मा घालून खेळणं मात्र धोक्याचं.

घोटा मुरगळलाच तर तेल चोळू नका. बर्फ फडक्यात गुंडाळून 15 मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. वर क्रेप बँडेज, पाय उशीवर. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढाच.

पोटरीवर मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि मागे कुणीच नसेल, तर टाचेमागची शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा अकिलीस स्नायुबंध, तुटलेली असू शकते. पालथं झोपवून पोटरी दाबून बघा. पाऊल हललं नाही, तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठा. लंगडत चालता येतं म्हणून फसू नका. बाकीचे स्नायू तेवढं काम निभावून नेतात.