भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घेताय? या चुका टाळा

"८० लाखांचा फ्लॅट, २४ हजार भाडं, म्हणजे वर्षाला साडेतीन टक्के सुटले." पुण्यात फ्लॅट दाखवणारे एजंट हा हिशोब सर्रास तोंडावर फेकतात. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तो तसाच मान्य करणं.

खरा आकडा कागदावर मांडून बघा. ८० लाखांवर शहरात ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी धरली की घर पडतं जवळपास ८६ लाखांना. एक भाडेकरू गेला की दुसरा येईपर्यंत महिनाभर कुलूप राहणार, म्हणून भाडं ११ महिन्यांचंच धरा: २ लाख ६४ हजार. त्यातून मेंटेनन्सचे ३६ हजार, मिळकतकराचे समजा १८ हजार, एजंटला एका महिन्याचं भाडं २४ हजार आणि रंगकाम-प्लंबरचे १५ हजार वजा करा. हातात उरतात १ लाख ७१ हजार, म्हणजे जेमतेम दोन टक्के. प्राप्तिकर अजून बाकीच आहे. ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलं, तर हप्ताच ५२ हजारांच्या घरात जातो. भाड्यातून हप्ता सुटेल ही आशा धरून कर्ज काढू नका.

मिळकतकराचा आकडा विक्रेत्याच्या बिलावरून धरणं ही याचीच धाकटी बहीण. पुणे महापालिकेची ४० टक्के सवलत मालक स्वतः राहत असलेल्या घराला आहे, भाड्याने दिलेल्या नाही.

घर निवडताना आपली आवड बाजूला ठेवा. फ्लॅट दुप्पट किमतीचा घेतला म्हणून भाडं दुप्पट येत नाही. माझं स्पष्ट मत आहे, की दरमहा उत्पन्नासाठी घ्यायचं तर नोकरीच्या ठिकाणाजवळचा, पाण्याची ददात नसलेला साधा वन बीएचके घ्यावा. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत भाडेकरू टिकत नाहीत.

आता करार. "११ महिन्यांचाच आहे, नोटरी केली की झालं" हा गैरसमज महाराष्ट्रात फार खोल रुजलाय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो ११ महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाला, तर उलटं सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे सगळं कशासाठी ओढवून घ्यायचं? २४ हजार भाडं आणि १ लाख डिपॉझिट असलेल्या ११ महिन्यांच्या करारावर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क सातशे रुपयांच्या आत येतं, शहरात नोंदणी फी १००० रुपये. आधार आणि अंगठ्याचा ठसा घेऊन हे काम घरबसल्या ऑनलाइन होतं. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही त्याच आठवड्यात ऑनलाइन भरून टाका.

मुदत संपली आणि भाडेकरू हलत नाही, अशी वेळ आलीच तर? कुलूप बदलू नका, वीज-पाणी तोडू नका. तुमची बाजू भक्कम असूनही तुम्हीच तक्रारीत अडकाल. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करा. मुदत संपल्यानंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते आणि लेखी करारातल्या गोष्टी तिथे निर्णायक पुरावा मानतात. नोंदणीची खरी किंमत इथे कळते.

डिपॉझिटवरून होणारी भांडणं बहुतेक वेळा टाळता येतात. किल्ली देताना भाडेकरूला बरोबर घेऊन घरभर फिरा. मीटरचं रीडिंग, गिझर, प्रत्येक नळ, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीची ओल यांचे फोटो काढा आणि तिथल्या तिथे दोघांच्या व्हॉट्सॲपवर टाका. कपाट सरकवून मागची भिंतही बघा. बुरशी तिथेच लपते आणि सोडून जाताना "ही आधीचीच" की "तुमच्यामुळे" यावर तासभर वाद होतो.

सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलेलं शुल्क) म्हणून मनाला येईल ती रक्कम मागत असेल, तर १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश दाखवा. मर्यादा सेवा शुल्काच्या १० टक्के आहे, पूर्ण मेंटेनन्स बिलाच्या नव्हे.

कराचं थोडक्यात: मालकाने त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या भाड्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्तीच्या पावत्या लागत नाहीत. गृहकर्जाच्या व्याजामुळे तोटा दिसत असेल, तर नव्या कररचनेत तो पगारातून वजा होत नाही. रचना निवडण्याआधी सीएला विचारा. परदेशात राहणाऱ्यांनी तर भाडेकरूला आधीच सांगून ठेवावं: मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असो, टीडीएस (भाड्यातूनच कापायचा प्राप्तिकर) कापून सरकारकडे भरणं भाडेकरूवर बंधनकारक आहे.