वायरलेस हेडफोन पारखताना या चुका टाळा

दुकानात विक्रेत्याने लावलेलं धडधडतं गाणं अर्धा मिनिट ऐकायचं आणि 'काय बास आहे!' म्हणत पैसे मोजायचे, अशीच बहुतेकांची खरेदी होते. घरी आल्यावर आठवडाभरात डोकं दुखायला लागतं. उलटही घडतं. चांगला हेडफोन एखाद्या चुकीच्या सेटिंगपायी बदनाम होतो आणि ड्रॉवरमध्ये पडून राहतो. दोन्हीकडे नुकसान आपलंच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोठा आवाज आणि चांगला आवाज यांत गल्लत. कानाची रचनाच अशी आहे की आवाज वाढवला की खालचे आणि वरचे स्वर जास्त भरून ऐकू येतात. त्यामुळे दोन हेडफोन शेजारी ठेवले तर जो जरा मोठ्याने वाजतो तोच सरस वाटतो. तुलना करायची तर फोन एकच घ्या, गाण्याचा तुकडा तोच ठेवा आणि दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेपर्यंत जुळवून घ्या. फोनमधला इक्वलायझर आणि बास बूस्टही आधी बंद करा.

गाणं मात्र विक्रेत्याचं नको, तुमच्या कानात मुरलेलं हवं. पखवाज आणि टाळ असलेलं भजन मला यासाठी फार उपयोगी वाटतं. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा घुमार वेगळा कळला पाहिजे, नुसती 'धब धब' नको. टाळाचा प्रत्येक ठोका वाजून विरत गेला पाहिजे. हलक्या हेडफोनवर किंवा फार दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) फाइलवर त्याची सलग खसखस होते. गायकाचा आवाज या दोन्हींच्या पुढे उभा राहतो का आणि 'स', 'श' कानाला टोचतात का, तेही बघा. मग वीसेक मिनिटं तसंच ऐका. कान दमला तर तो हेडफोन तुमचा नाही. खोक्यावर ड्रायव्हरचे, म्हणजे आतल्या चिमुकल्या स्पीकरचे, मिलिमीटर आणि '20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ' छापलेलं असतं, त्यावरून आवाजाचा दर्जा कळत नाही.

'बासच नाही' ही तक्रार इअरबड्सबद्दल सर्रास ऐकू येते, आणि कित्येकदा दोष टिपचा असतो. गाणं चालू ठेवून बड बोटाने अलगद आत दाबा. बास एकदम भरला तर हवा बाजूने निसटते आहे. खोक्यात दिलेल्या लहान-मोठ्या सिलिकॉन टिप लावून बघा. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळं माप लागणं अगदी स्वाभाविक आहे. हे न करता हेडफोन परत करू नका.

लॅपटॉपवरची तक्रार वेगळी असते. गाणी छान वाजतात, पण मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या टेलिफोनसारखा चेपतो. हा बिघाड नाही. हेडफोनचा माइक चालू झाला की साधा ब्लूटूथ गाण्याचा मार्ग सोडून कॉलच्या मार्गावर जातो, आणि तिथे आवाज 8 किंवा 16 किलोहर्ट्झच्या सॅम्पलिंगवर, म्हणजे बराच कमी तपशिलात, येतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा, स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा; आवाज लगेच मोकळा होतो.

एएनसी (ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन) आणि ईएनसी (एन्व्हायर्नमेंटल नॉइज कॅन्सलेशन) यांची गल्लतही महागात पडते. एएनसी तुमच्या कानातला बाहेरचा गोंगाट कमी करतं. ईएनसी तुमच्या माइकमधला गोंगाट गाळतं, म्हणजे त्याचा फायदा समोरच्याला. स्वस्त खोक्यांवर ईएनसी ठळक छापलेलं असतं आणि लोक ते एएनसी समजून घेतात. खरं एएनसीसुद्धा पंखा, विमान, गाडीची घरघर अशा सलग खालच्या आवाजावर चांगलं चालतं. शेजारच्याचं बोलणं त्याने पुरतं बंद होत नाही.

आवाज तुटत असेल तर आधी फोन कुठे आहे ते बघा. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो आणि या लहरी आपल्या पाण्याने भरलेल्या शरीरात शोषल्या जातात. फोन मागच्या खिशातून काढून छातीच्या खिशात ठेवला तरी पुष्कळदा काम भागतं. लॅपटॉपला जोडलेली यूएसबी 3 ची हार्ड डिस्कही याच पट्ट्यात गोंधळ घालते. एलडीएसी हा कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवण्याची पद्धत, कमाल 990 केबीपीएसवर चालतो, पण दादर स्टेशनसारख्या गर्दीत तो तुटू लागला तर आवाजाच्या दर्जाऐवजी स्थिर कनेक्शनचा पर्याय निवडा. आयफोनवर एलडीएसी नाहीच, तेव्हा त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

एक बाजू हळू वाजते? फोनच्या टॉर्चखाली बडची जाळी बघा. तिथे मळाचा पिवळट थर दिसला तर कोरड्या मऊ ब्रशने, जाळी खाली धरून झाडा. सुई अजिबात नको. जाळी स्वच्छ असेल तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डावा-उजवा बॅलन्स सरकलेला नाही ना ते तपासा. बड चार्जच होत नसेल तर केसमधल्या बारीक पिना कोरड्या कापसाच्या काडीने पुसा.

टिकाऊपणाचा अंदाज पहिल्या दिवशी येत नाही, पण काही गोष्टी विचारून घेता येतात. 'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नका, आकडा बघा. आयपीएक्स 4 म्हणजे शिंतोडे चालतील, पोहणं नाही. आयपीएक्स 7 म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. खारट घामाची हमी त्यात नसते, आणि हे रेटिंग बहुतेक वेळा बडचं असतं, केसचं नाही. भिजलेले बड तसेच केसमध्ये ठेवले की पिना गंजतात.

बॅटरीचे '40 तास' पुष्कळदा केससकट धरलेले असतात, तेही एएनसी बंद आणि आवाज निम्म्यावर ठेवून. बडमधला सेल अगदी चिमुकला असतो आणि बहुतेक बड्समध्ये तो बदलता येत नाही. म्हणून एक बड हरवला किंवा मेला तर सुटा मिळतो का, कितीला, आणि सर्व्हिस सेंटर गावात आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, पक्कं बिल घ्या आणि खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणत्या उत्पादनासाठी नोंदणी आहे ते दिसतं. क्रमांक भलत्याच वस्तूचा निघाला तर खोकं न फोडता तिथेच परत करा.